सोळा ओळींत तो पोरगा कुठे आहे?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी हडपसरला राहतो, वय १९. रॅप करतो, मराठीत आणि थोडं हिंदीत. आमचा क्रू आहे, दर रविवारी संध्याकाळी कॅनॉलच्या कडेला सायफर असतो, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप म्हणतो. पप्पा रिक्षा चालवायचे. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेले. मम्मी पोळीभाजीचे डबे करते.

मागच्या महिन्यात मी पप्पांवर सोळा बार, म्हणजे सोळा ओळी लिहिल्या आणि सायफरला म्हटल्या. शेवटच्या चार ओळींना आवाज गेला, डोळ्यांत पाणी आलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बायल्या, घरी जाऊन रड." सगळे हसले. आमचे पण हसले. व्हिडिओ दुसऱ्या क्रूकडे गेला आणि त्यांच्या एका पोराने माझ्यावर डिस काढला, म्हणजे मला खाली पाडणारा रॅप. त्यात मम्मीवर घाण लिहिलंय, पप्पांच्या जाण्यावर पण. आता आमचे म्हणतात, मर्द असशील तर त्याच्या आई-बहिणीला सोडू नकोस. मी लिहिला. जाम हार्ड झालाय, सगळे म्हणतात हाच तुझा बेस्ट.

रात्री प्रॅक्टिस करत होतो, भिंतीपलीकडे मम्मी जागी होती. सकाळी डबे भरताना तिने विचारलं, "काल कोणाच्या आईबद्दल बोलत होतास रे?" मी काहीच बोललो नाही.

पंधरा दिवसांनी स्पर्धा आहे, तो पोरगा पण आहे. मला एकच म्हणता येईल. क्रूमध्ये एक मुलगी आहे, ती व्हिडिओ काढते, कधी हुक, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ, लिहून देते. ती म्हणते पप्पांवरचं म्हण. पण तिला डिसमधलं काय कळणार. ताई, रडणाऱ्याचं हिप-हॉपमध्ये काम नाही का? दोन्ही लिखाणं पाठवतोय. मी काय म्हणू?

उत्तर

अरे,

पत्र आलं त्या रात्री दोन्ही लिखाणं वाचली आणि सकाळी पुन्हा पेन्सिल घेऊन बसले. तुला डिसची घाई आहे, म्हणून आधी त्याचंच बोलते.

सोळा ओळींत आई नऊ वेळा आली आहे, बहीण चार वेळा. मी मोजलं. ज्याच्यावर लिहिलंस तो पोरगा एकदाच आलाय, अकराव्या ओळीत, तोही अर्ध्या वाक्यापुरता. तू म्हणतोस की त्याचा श्वास संपला की तो शब्द गिळतो आणि हात हलवून वेळ मारून नेतो. ती अर्धी ओळ वाचली आणि मला तो पोरगा डोळ्यांसमोर दिसला. बाकी साडेपंधरा ओळींत तो कुठेच नाही. हाच डिस उद्या दुसऱ्या कोणावर म्हटलास तर एक अक्षर बदलावं लागणार नाही. पोरांना तो हार्ड वाटला, कारण शिवी कानावर पडली की अंगावर शहारा येतो. पण त्या शिव्या हडपसरच्या कुठल्याही नाक्यावर फुकट ऐकायला मिळतात. त्यासाठी तू लिहायला कशाला हवास?

आता हे वाच. तुझंच आहे, पण दुसऱ्या कोणाचं आहे असं समजून वाच.

मीटर शून्याला, खाकी शर्ट खुंटीला,
चावी मम्मीच्या गाठीला, मी अजून मागच्या सीटला.

मी टेबलावर बोटांनी ताल धरून या ओळी म्हणून पाहिल्या. चोख बसतात. खुंटीला, गाठीला, सीटला, यमक ओढूनताणून आणलेलं नाही, वस्तू जिथे असतात तिथेच ते सापडलंय. वडील गेल्याचं दुःख झालं असं तू कुठेच म्हटलेलं नाहीस. रिक्षा दारात उभी आहे, चावी आईने पदरात बांधून ठेवलीय, आणि आता पुढे बसायचं वय झालेला मुलगा अजून मागच्या सीटवरच बसतो. त्याला पुढे जाऊन बसवत नाही. माझे वडील जाऊन तेवीस वर्षं झाली, आणि ही ओळ वाचून मी चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. ही ओळ तुझ्या वयाच्या मुलाने लिहिलीय आणि त्याला चार पोरं सांगतात की दुसरं लिखाण जास्त चांगलं आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

हिप-हॉपशी माझा संबंध कसा, हा प्रश्न तुला पडला असेल. २०१५ साली माझा धाकटा अकरावीत होता. अंधेरीचा डिवाइन आणि कुर्ल्याचा नेझी या रॅपरांचं गल्लीवरचं गाणं तो दिवसभर लावायचा. नेझीने त्याच्या आदल्या वर्षी स्वतःचं पहिलं गाजलेलं गाणं आयपॅडवर बनवलं होतं, हेही त्यानेच मला सांगितलं. सुरुवातीला मी नुसती चिडायचे. मग एकदा भाजी निवडता निवडता नीट ऐकलं आणि वाटलं, अरे, हा तर आपल्या शेजारच्या चाळीतला मुलगा बोलतोय. तिथून मागे मागे जात मी ब्रॉन्क्सपर्यंत पोचले.

तुझी पोरं "रिअल हिप-हॉप" म्हणतात ना, त्याचा पहिला दिवस मानतात ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवर १५२० नंबरची एक इमारत. तिच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली, कारण शाळा सुरू होताना तिला नवे कपडे घ्यायचे होते आणि पैसे नव्हते. आमंत्रणं छोट्या कार्डांवर हाताने लिहिली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड लावायला तिने आपल्या भावाला बसवलं. तो भाऊ १८ वर्षांचा, जमैकाहून आलेला, पुढे जग त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागलं. रेकॉर्डमधला नुसता ढोल-ठेक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा लांबवायची त्याची युक्ती, तिच्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. पण पार्टी बहिणीची होती. पुढे १९७९ मध्ये रॅपची जी पहिली रेकॉर्ड देशभर गाजली, ती काढणारीही बाईच, सिल्व्हिया रॉबिन्सन. तुझ्या डिसमध्ये बहीण चार वेळा आली आहे म्हणून हे सांगितलं.

आणि आईचं सांगायचं तर त्या पार्टीच्याही आधी जावं लागतं.

साठ-सत्तरच्या दशकातलं ब्रॉन्क्स म्हणजे काय होतं? मधून मोठा एक्स्प्रेस-वे काढला, त्यासाठी वस्त्याच्या वस्त्या उठवल्या. उरलेल्या इमारतींना आगी लागायच्या, कित्येक लावल्या जायच्या. कामं गेली. पोरं टोळ्यांत शिरली, कारण टोळीचं जॅकेट अंगावर नसेल तर शाळेपर्यंतसुद्धा सुखरूप जाता येत नसे. अशा गल्लीत वाढणाऱ्या मुलाला छाती पुढे काढून चालावं लागतं, डोळ्यांत काही दिसू द्यायचं नसतं. तो कडकपणा खोटा नव्हता. त्यावाचून जगणं कठीण होतं. तू ज्या गाण्यांवर वाढलास त्यांतल्या रुबाबाचं मूळ तिथे आहे, आणि त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही.

पण त्याच गल्लीत डिसेंबर १९७१ मध्ये एक गोष्ट घडली. घेट्टो ब्रदर्स नावाच्या टोळीतला कॉर्नेल बेंजामिन हा तरुण दोन टोळ्यांची मारामारी थांबवायला मध्ये पडला. त्यालाच मारून टाकलं. घेट्टो ब्रदर्सचा मित्र मेला, टोळी मोठी, हातात हत्यारं, आणि सगळं ब्रॉन्क्स वाट बघत होतं की आता हे सूड घेणार. तुझ्या क्रूसारखे तिथेही म्हणणारे होतेच. टोळीचे म्होरके आधी त्याच्या आईकडे गेले. तिने सांगितलं, सूड नको, माझा मुलगा शांततेसाठी गेला. त्या म्होरक्यांनी तिचं ऐकलं. ८ डिसेंबरला एका बॉइज क्लबमध्ये शहरातल्या टोळ्या एकत्र बसल्या आणि तह झाला. त्यानंतर एका भागातली पोरं दुसऱ्या भागात नाचायला, गाणी ऐकायला जाऊ लागली. तो तह नसता तर वीस महिन्यांनी सिंडीच्या पार्टीला दुसऱ्या गल्लीतलं कोण आलं असतं? त्या म्होरक्यांना त्या रात्री कोणी बायल्या म्हटलं असेलही. मला मात्र वाटतं, मुलगा गमावलेल्या आईसमोर उभं राहून तिचं म्हणणं मान्य करणं, आणि ते जाऊन आपल्या चिडलेल्या पोरांना सांगणं, याला बंदूक काढण्यापेक्षा जास्त जिगर लागली असणार.

मग आई-बहिणीवरचं, बायकांना वस्तू समजणारं एवढं सगळं आलं कुठून? वस्तीत होतंच ते, तिकडेही आणि इकडेही. पण त्याला बाजार मिळाला तो नंतर. १९९१ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डची विक्री दुकानातल्या खऱ्या बिलांवरून मोजायला सुरुवात झाली, आणि काही आठवड्यांतच कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या ग्रुपचा अल्बम पहिल्या नंबरवर आला. कंपन्यांच्या लक्षात आलं की चांगल्या घरांतली, उपनगरांतली पोरं ही रागीट, शिवराळ गाणी धडाधड विकत घेतात. ज्यांनी ती गल्ली कधी पाहिली नाही त्यांना त्या गल्लीतला धोका घरबसल्या हवा होता. पुढे बायरन हर्ट या माणसाने २००६ मध्ये हिप-हॉप आणि मर्दानगी यावर एक माहितीपट केला. तो स्वतः कॉलेजात फुटबॉल खेळलेला आणि हिप-हॉपवर जीव असलेला. त्यात रस्त्यावर उभी असलेली होतकरू पोरं त्याला आधी मारामारीचे, गोळीबाराचे बार ऐकवतात. तो विचारतो, दुसरं काही नाही का लिहीत? पोरं म्हणतात, लिहितो की, पण चांगलं बोललो तर आम्हाला करार कोण देणार? तो प्रसंग मी विसरू शकत नाही. त्या पोरांकडेही खुंटीवरचे शर्ट होते. ते ऐकायला कोणी तयार नव्हतं.

तुझ्या क्रूला कोणती कंपनी करार द्यायला आलेली नाही. तरी ते तुझ्याकडून तेच मागतायत. म्हणजे बाजार इथवर पोचला आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

एक जण तुला नक्की म्हणेल की आईवरून बोलणं हे तर मुळातलंच आहे. ते खरं आहे. आफ्रिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये "डझन्स" नावाचा शब्दांचा खेळ फार जुना आहे. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांच्या आईवरून अशक्य, अचाट काहीतरी बोलतात, लोक हसतात. रॅप बॅटलच्या मुळांपैकी एक मूळ ते आहेच. पण त्या खेळाला नियम आहे: ज्याचं डोकं फिरलं तो हरला. आणि बोलायचं ते इतकं अचाट की ते खरं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. गेलेल्या बापावरून खरंखुरं घाण बोलणं हा तो खेळ नव्हे. तुझ्यावर ज्याने लिहिलं त्याने खेळ मोडलाय. आणि तू तसंच लिहिलंस तर मोडलेल्या खेळात तू दुसरा.

मला आमच्या गावचं आठवतं. मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे शक्ती-तुरा असतो, दोन पक्ष, दोन शाहीर, पायांत घुंगरू बांधलेली पोरं, आणि रात्रभर सवाल-जवाब. माझा चुलतमामा तुरेवाला होता. समोरच्याला पुराणातलं असं कोडं घालायचा की तो शाहीर डफावरचा हात थांबवून उभा राहायचा आणि मांडवात हाळी उठायची. पण रात्र चढली की तिथेही जिभा सैल सुटायच्या. एका वर्षी समोरच्या शाहिराने मामाच्या बायकोवरून काही म्हटलं. मी आठ वर्षांची असेन. मला शब्द कळले नाहीत. माझी आई उठली, आमच्या खालची चटई ओढून गुंडाळली, मला हाताला धरलं आणि निघाली. तिच्यामागे दुसरी बाई उठली, मग तिसरी. चटया गुंडाळण्याचा तो सरसर आवाज अजून कानात आहे. मामाची पाळी आली तेव्हा अर्धा मांडव रिकामा होता. आम्ही बांधावरून चालत होतो आणि मागून त्याचा आवाज येत होता. त्याने शिवी दिली नाही. त्याने त्या शाहिराच्या गणातली चूक काढली, गण म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं नमन, आणि ती चूक चार कडव्यांत घोळवून घोळवून गायली. आई बांधावरच थांबली. तिने चटई खाली ठेवली आणि आम्ही तिथे उभं राहून पूर्ण ऐकलं.

मामा पुढे कधीतरी म्हणाला की मलाही रागाने काही सुचत नव्हतं, पण बाया उठल्या ते दिसलं. एवढंच म्हणाला.

आता तुझा मुख्य प्रश्न, रडणाऱ्याचं काम आहे का. १९९१ मध्येच ह्यूस्टनच्या गेटो बॉइज या ग्रुपने भीतीवर गाणं केलं होतं. झोप न लागणं, पाठीमागे कोणीतरी आहे असं सतत वाटणं, आपलं डोकं आपल्याला फसवतंय की काय ही धास्ती. आणि ते कोणी कोवळे गायक नव्हते, अमेरिकेतल्या सगळ्यांत रांगड्या ग्रुपपैकी एक. ते गाणं आजही रॅपमधल्या सर्वोत्तम गाण्यांत धरतात. रॅपर केंड्रिक लमारला २०१८ मध्ये पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच्या २०२२ च्या अल्बममध्ये एक अख्खं गाणं यावर आहे की बापाने त्याला हळवेपणा दाखवू नकोस असं शिकवलं आणि त्याचं पुढे काय झालं. जे-झीने २०१७ मध्ये आपण बायकोशी बेइमानी केली हे स्वतःच्या तोंडाने रेकॉर्डवर सांगितलं. ही यादी वाढवत नाही. पण टुपाक या रॅपरवर थांबायला हवं, कारण तुझ्या पोरांच्या मोबाइलच्या मागे त्याचाच फोटो असणार.

टुपाकची आई अफेनी शकूर, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर चळवळीतली. आपल्या मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते याच चळवळीवरून. अफेनीवर बॉम्बस्फोटांच्या कटाचा खटला होता. पोटात मूल, तुरुंगाची शिक्षा समोर, आणि तिने वकील न घेता स्वतःची बाजू स्वतः मांडली, साक्षीदारांची उलटतपासणी घेतली. मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली आणि पुढच्या महिन्यात टुपाक जन्माला आला. नंतर ती नशेच्या आहारी गेली, घर मोडलं, मायलेकांत दुरावा आला. १९९५ मध्ये त्याने तिच्यावर गाणं काढलं. त्यात तिचं व्यसन झाकलेलं नाही, घरातली गरिबी झाकलेली नाही, आणि तरी ते मुलाने आईला केलेलं वंदन आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांत ते घेतलं आहे. तू त्या पोरांना विचार, हे गाणं मर्दाचं की बायल्याचं.

पण तुला अर्धंच सांगितलं तर मी तुझी फसवणूक करीन. ज्या फेब्रुवारीत ते गाणं बाजारात आलं, त्याच महिन्यात त्याला एका तरुणीच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात शिक्षा सुनावली गेली. आपण निर्दोष आहोत असं तो म्हणत राहिला, न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. आईवर इतकं सुंदर लिहिणारा आणि हा, माणूस एकच. मला याचा फार त्रास होतो. मी ते गाणं ऐकणं सोडलेलं नाही, पण ते ऐकताना ती मुलगीही मला आठवते. स्वतःची आई देव आणि बाकीच्या बायकांना काहीही चालतं, हे आपल्याकडेही घरोघर आहे. आईच्या नावाचा टॅटू दंडावर आणि तोंडात दुसऱ्याची आई. तेव्हा पप्पांवरचं गाणं म्हटलंस, रडलास, म्हणजे तू आपोआप चांगला माणूस झालास असं मी म्हणणार नाही.

आणि याच कारणाने मला तुझ्या पत्रातल्या त्या एका ओळीवर यायचंय. "पण तिला डिसमधलं काय कळणार."

ती मुलगी व्हिडिओ काढते. म्हणजे प्रत्येक सायफर, प्रत्येकाचे बार ती तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा ऐकते, कापताना, जोडताना. ती हुक लिहिते. तुझ्या वडिलांवरच्या गाण्याच्या वर जो हुक आहे, "स्टँडवर नंबर लागलाय, माणूस कुठंय", तो तुझा वाटत नाही, भाषेचा बाज वेगळा आहे. तिचा आहे ना? फार चांगला आहे. सगळा क्रू चुकीचं बोलत असताना बरोबर सल्ला तिनेच एकटीने दिला, आणि तू मला विचारायला इतक्या लांब आलास. तिला माइक कधी मिळाला का? पत्रात तरी तसं दिसत नाही. अमेरिकेत क्वीन लतिफा या रॅपर बाईने १९९३ मध्ये रस्त्यात बायकांना घाणेरड्या नावांनी हाक मारणाऱ्यांवर गाणं केलं आणि त्यासाठी तिला ग्रॅमी मिळालं. तिला डिसमधलं कळत होतं. या रविवारी त्या मुलीला म्हण, हुक तू स्वतः म्हण, मी बार म्हणतो. आणि नाव लिहिताना तिचंही लिही.

आता स्पर्धेचं. मला तुझा राग पोकळ वाटत नाही. मेलेल्या बापावरून कोणी बोललं तर गप्प बस असं मी कोणालाच सांगणार नाही. एकच म्हणता येणार असेल तर पप्पांवरचं म्हण, आणि त्याच्या आधी चार ओळी त्या पोरासाठी ठेव. चारच. अकराव्या ओळीतली ती अर्धी जागा घे, श्वास, गिळलेले शब्द, हलणारा हात, ती वाढव. त्याने तुझ्यावर लिहिलेल्यात तुझं स्वतःचं काय आहे ते शोध. मला खात्री आहे, तिथेही तू नाहीस, तुझी आई आहे. मग तेच त्याला सांग, की सोळा बारमध्ये तुला मी सापडलो नाही, थांब, मी कोण ते ऐकवतो. आणि तिथून थेट मीटर, शर्ट, चावी. तुझा डिसच तुझ्या वडिलांच्या गाण्याचं दार होईल. त्याच्या आईचं नाव घ्यायची गरज तुला पडणार नाही, आणि ऐकणाऱ्यांना ते न घेतलेलं बरोबर कळेल.

आवाज जाईल त्याचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण भीती तीच आहे. घरात रडू येईपर्यंत म्हण, रोज, मोठ्याने. दहा-बारा दिवसांत ओळी तोंडात घट्ट बसतील आणि रडू आलं तरी शब्द सुटणार नाहीत. "मागच्या सीटला" नंतर दोन बार नुसता बीट चालू दे. काही बोलू नकोस, हलू नकोस. आवाज फाटला तर फाटलेल्याच आवाजात पुढे म्हण. कीर्तनात बुवांचा आवाज भरून आला की कोणी उठून जात नाही, उलट मागचे लोक पुढे सरकतात. कॅनॉलच्या कडेला हसले ते सगळेच हसायला आले होते असं नाही. एकाने शब्द टाकला, आणि आपण नाही हसलो तर आपल्यालाही तेच म्हणतील या भीतीने बाकीचे हसले. तुझे मित्रही त्यातलेच. त्यांच्यावर रागावलास तर रास्तच आहे, पण एकेकाला वेगळं गाठून विचार, तुझ्या घरी कोण गेलंय. गर्दीत एक बोलणारी पोरं एकटी असली की दुसरंच बोलतात.

त्या दुसऱ्या क्रूकडून धमक्या येत असतील, घराचा पत्ता किंवा मम्मीचा फोटो कुठे टाकला असेल, तर तो रॅपचा विषय राहत नाही. स्क्रीनशॉट ठेव आणि घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन पोलिसांकडे जा, एकटा जाऊ नकोस.

राहिली मम्मी. तिने सकाळी डबे भरता भरता तुला प्रश्न विचारला आणि तू काही बोलला नाहीस. ती अजून उत्तराची वाट बघत असेल, विचारणार मात्र नाही, अशा बाया पुन्हा विचारत नाहीत. त्या पोराने तिच्यावर काय लिहिलंय ते तिला ऐकवू नकोस. पण तू काय लिहिलंस आणि ते म्हणणार नाहीस, एवढं सांग. नंतर पप्पांवरचं ऐकव. स्पर्धेच्या आधी, डबे गेले की दुपारी ती जरा टेकते तेव्हा.

एक बारीक शंका माझीही आहे, तीही तिलाच विचार. रिक्षा बंद आहे, चावी काढलेली आहे, तर मीटरवर शून्य दिसतं का, की काच नुसती काळी असते? तुझ्या पप्पांच्या मीटरवर काय दिसायचं ते तिला माहीत असेल. काळी असेल तर ती ओळ पुन्हा लिहावी लागेल.